डिझेलची सवय आणि एक लिटरचं टर्बो पेट्रोल : या चुका टाळा

आपल्या सांगली-साताऱ्याकडं गाडी बघायला गेलं की माणूस आधी डिकी उघडून बघतो आणि मग बॉनेट, कारण गावाकडनं येताना ज्वारीचं पोतं, शेंगा, तेलाचा डबा, गुळाची ढेप आणि वर आईनं बांधून दिलेलं गाठोडं हे सगळं बसलं पाहिजे. खरं तर या कामाला इस्टेट गाडी एकदम बरोबर, म्हणजे कारसारखीच बुटकी पण मागं छप्पर सरळ शेवटपर्यंत गेलेलं आणि डिकीला पूर्ण उंचीचा दरवाजा. पण आपल्याकडं ती कधी चाललीच नाही, टाटा इस्टेट १९९२ ला आली, नंतर बलेनो अल्टुरा, इंडिगो मरिना, ऑक्टाव्हिया कॉम्बी, सगळ्या येऊन गेल्या. मला अजून याचं वाईट वाटतं. युरोपात स्कोडाची फॅबिया कॉम्बी एक लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनावर (टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या हवेवर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा) ५३० लिटरच्या डिकीसह विकली जायची, आणि आज इथं त्याच्या जवळपास जाणारं काय असेल तर एक लिटर टर्बोवाली मोठ्या डिकीची सेडान, स्कोडाची स्लाव्हिया किंवा फोक्सवॅगनची व्हर्टस, दोन्हीची डिकी ५२१ लिटर. बाकी मग नेक्सॉन, फ्रॉन्क्स, व्हेन्यू वगैरे उंच गाड्या, इंजिनाची जात तीच, छोटं आणि टर्बोवालं.

आता मुद्दा असा की या गाड्या घेणारी आपल्याकडची बरीच माणसं डिझेलवरून आलेली आहेत. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे धुराचे कडक नियम लागू झाले आणि मारुतीनं डिझेल बंद केलं, स्कोडा-फोक्सवॅगननं पण बंद केलं, म्हणजे छोटी डिझेल गाडी बाजारातनं जवळजवळ गेलीच. मी पण ११ वर्षं डिझेल सेडान चालवली आणि तीन वर्षांपूर्वी एक लिटर टर्बो पेट्रोल घेतली. आणि या तीन वर्षांत स्वतःच्या आणि ओळखीतल्या गाड्यांचे जे जे प्रॉब्लेम बघितले त्यातले निम्मे तरी डिझेलच्या सवयीचे होते, इंजिनाचे नव्हते.

सगळ्यात मोठी चूक, गिअर न पाडता ओढणे

पहिल्या पावसाळ्यात आम्ही पाच जण कासला निघालो होतो, डिकी भरलेली, साताऱ्यातनं यवतेश्वरचा घाट चढताना मी आपला जुन्या सवयीनं तिसऱ्यातच रेटत होतो, आरपीएमचा काटा (इंजिनाचे मिनिटाला फेरे) १४०० च्या आसपास आणि पाय पूर्ण खाली. गाडी गुदमरायला लागली आणि बॉनेटखालनं बारीक टिक-टिक असा आवाज, डब्यात खडे हलवल्यासारखा. शेजारी बसलेले दाजी लगेच म्हणाले, आरं दुसरा टाक की, हे डिझेल न्हाय. दुसरा टाकला, काटा अडीच हजारावर गेला आणि गाडी अशी सुटली की मागच्यांनी सीट धरली. परत आल्यावर एका गॅरेजवाल्यानं पेट्रोल खराब आहे म्हणून सांगितलं आणि मी उगाच दोन टाक्या महागडं पेट्रोल भरलं, पण चूक गिअरची होती.

हे का होतं ते नीट समजून घ्या कारण यातच सगळं आहे. डिझेलमध्ये इंधन दाबानंच पेटतं, ते इंजिन त्यासाठीच जाडजूड बनवलेलं असतं, त्यामुळं कमी आरपीएमला रेटलं तर ते कुरकुरतं पण सहन करतं. पेट्रोलमध्ये ठिणगी पडल्यावरच पेटायला पाहिजे. छोट्या टर्बो इंजिनात कमी आरपीएमला पाय दाबला की सिलिंडरमध्ये दाब खूप वाढतो आणि मिश्रण कधी कधी ठिणगीच्या आधीच पेटतं, पिस्टन वर येत असताना वरनं घणाचा घाव बसल्यासारखं. थोडा नॉक, म्हणजे तो टिक-टिक आवाज, असेल तर कंप्युटर ठिणगी जरा उशिरा टाकून सांभाळतो आणि तुम्हाला फक्त ओढ कमी झाल्यासारखी वाटते, पण ठिणगीआधीचं हे पेटणं जोरात झालं तर पिस्टन फुटायची पण वेळ येते. स्कोडा-फोक्सवॅगनच्या एक लिटर इंजिनाचा १७८ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, १७५० आरपीएमपासून मिळतो, म्हणजे त्याच्या खाली तुमच्याकडं एक लिटरची साधी, बिनटर्बोची तीन सिलिंडरची मोटर आहे असं समजून चालवा. चढाला आणि लोडला काटा दोन हजाराच्या वर ठेवा. मीटरमध्ये वर गिअर टाका म्हणून बाण दाखवतो तो सपाट रस्त्याला अ‍ॅव्हरेजसाठी असतो, घाटात त्याच्याकडं बघू नका.

हीच गोष्ट उसाच्या ट्रॉल्यांना ओव्हरटेक करताना तर जिवाची आहे. कारखाने सुरू झाले की पेठनाक्यापर्यंत आणि पुढं कराडकडं एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं लाइट नाही, आणि आपण चौथ्यात ४० च्या स्पीडला मागं अडकलेलो, समोर गॅप दिसला की डिझेलवाला माणूस तसाच चौथ्यात बाहेर काढतो आणि पाय दाबतो. टर्बो भरायला एक-दोन सेकंद जातात आणि ती एक-दोन सेकंदं तुम्ही समोरच्या लेनमध्ये उभे असल्यासारखे असता. आधी आपल्या लेनमध्येच गिअर पाडा, काटा वर आला की मग बाहेर या. माझ्या मुलाला गाडी शिकवताना मी पहिल्यांदा हेच शिकवलं.

घाट चढून झाल्यावर लगेच किल्ली बंद

पसरणी घाट दाबून चढायचा, पाचगणीला पार्किंग मिळालं की खट्कन बंद करायची आणि टेबललँडवर पळायचं. टर्बोचा टर्बाइन एक्झॉस्टच्या गरम हवेवर फिरतो, मिनिटाला लाखाच्या वर फेरे, आणि त्याची बेअरिंग ऑइलच्या पातळ थरावर तरंगते. इंजिन बंद केलं की ऑइल यायचं थांबतं, आत राहिलेलं ऑइल तापून जळतं आणि त्याचा काळा थर बसतो, असं दोनशे वेळा केलं की मग टर्बो शिट्टी मारायला लागतो आणि निळा धूर येतो. शेवटचे एक-दोन किलोमीटर सावकाश चालवा किंवा पोचल्यावर मिनिटभर चालू ठेवा, बास. पण काही जण सांगलीतल्या सांगलीत विश्रामबागहून मार्केट यार्डात जाऊन आल्यावर पण तीन-तीन मिनिटं चालू ठेवतात, त्याची काही गरज नाही. आणि बंद केल्यावर फॅन थोडा वेळ फिरत राहिला तर घाबरू नका, बऱ्याच गाड्यांत टर्बो गार करण्यासाठी तो मुद्दाम तसा ठेवलेला असतो.

ऑइल

इथं कंजूसपणा अजिबात नको. ओळखीच्या एका गाडीत जवळच्या गॅरेजमधनं ट्रॅक्टरचं १५-डब्ल्यू-४० घातलं होतं, का तर घट्ट ऑइल चांगलं. घट्ट ऑइल टर्बोच्या बारीक नळीत वेळेवर पोचत नाही. मॅन्युअलमध्ये जो ग्रेड आणि त्याच्यापुढं जो गाडी कंपनीच्या मंजुरीचा नंबर लिहिलाय तोच घ्या, आणि पेट्रोलसाठी डब्यावर एपीआय एसपी (ऑइलच्या दर्जाची खूण) लिहिलेलं असेल तर बरं, कारण ते वर सांगितलेलं आधी पेटण्याचं लफडं कमी करण्यासाठी तपासलेलं असतं. महिन्यातनं एकदा ऑइल मोजायची पट्टी काढून बघा. लेव्हल कमी झाली तर भरा हे सगळ्यांना माहीत आहे, पण लेव्हल वाढली तर? गावातल्या गावात दोन-तीन किलोमीटरच गाडी फिरत असेल तर इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, पट्टीचा वास घेतला की कळतं. अशी गाडी आठवड्यातनं एकदा हायवेला अर्धा तास तरी पळवा आणि ऑइल किलोमीटर व्हायची वाट न बघता वर्षाला बदला.

डिकी मोठी आहे म्हणून कितीही भरणे

बेदाण्याचा १५ किलोचा बॉक्स, तासगावहून येताना असे दहा टाकले म्हणजे १५० किलो. त्यात चार मोठी माणसं, सत्तर-सत्तर किलोची, २८० किलो. झाले ४३०, आणि अशा गाडीची क्षमता साधारण तेवढीच असते. आरसी बुकात गाडीचं रिकामं वजन आणि लोडसकट वजन दोन्ही दिलेलं असतं, एकदा वजाबाकी करून बघा. माल जड असेल तर खाली आणि सीटच्या पाठीला टेकवून ठेवा, अगदी मागं दरवाजाजवळ ठेवला की पुढची चाकं हलकी होतात, आणि या गाड्या पुढच्या चाकावर ओढतात म्हणून घाटात ओल्या रस्त्याला चाक फिरतं. मागचं सीट पाडून पोती टाकली तर दोरीनं बांधाच, ब्रेक दाबल्यावर ५० किलोचं हळदीचं पोतं कुणाचं ऐकत नाही. हवा लोडप्रमाणं, दरवाजाच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाआत तक्ता असतो. आणि लोड असताना रात्री हेडलाइट खाली घ्यायचं छोटं चाक फिरवा, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यात जातो.

अ‍ॅव्हरेजबद्दल थोडक्यात. डिझेलसारखं मिळणार नाही. माझी हायवेला ९० नं १८ देते, सांगलीत ११-१२ आणि घाटात त्याहून कमी. टर्बो जितका भरणार तितकं पेट्रोल जाणार, आणि ई-२० मुळं, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळं, अजून थोडं कमी झालंय, तो गाडीचा बिघाड नाही.

अचानक ओढ गेली तर काय बघायचं

आधी मीटर बघा. पिवळा इंजिनचा लाइट लुकलुकत असेल आणि गाडी थरथरत असेल तर एक सिलिंडर मिस होतोय, बहुतेक प्लग किंवा कॉइल, तशीच दामटू नका कारण न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळतं आणि हजाराचं काम लाखावर जातं. लाइट स्थिर आहे आणि गाडी नुसती मेंगळटली आहे तर बहुतेक कंप्युटरनं टर्बोचा दाब कमी ठेवलाय, हळूहळू गॅरेजला न्या आणि कंप्युटरमधला बिघाडाचा कोड वाचून घ्या, कोड न वाचता पार्ट बदलू देऊ नका. पाय दिल्यावर शूं असा हवा सुटल्याचा आवाज येत असेल तर टर्बो बदलायला सांगणाऱ्याकडं जायच्या आधी इंटरकुलरचे (टर्बोची गरम हवा गार करणारी जाळी) रबरी पाइप आणि क्लॅम्प बघा. माझ्या गाडीत हेच झालं होतं, सुटलेला एक क्लॅम्प, दहा मिनिटांचं काम, आणि मला टर्बोचं एस्टिमेट देऊन झालं होतं. एअर फिल्टर पण बघा, उसाच्या रानातल्या धुळीच्या रस्त्यानं रोज येणं-जाणं असेल तर सर्व्हिसिंगची वाट बघू नका. आणि उंदीर! रानालगत घर असेल तर वायरी कुरतडतातच, रात्री बॉनेटखाली वस्ती करतात, आठवड्याला एकदा उघडून बघत जा.

उन्हाळ्यात पुण्याहून येताना खंबाटकीच्या चढाला ट्रॅफिक लागलं आणि इंजिन तापल्याचा काटा लाल भागात गेला तर एसी बंद करा, बाजूला घ्या, बॉनेट उघडा पण कूलंटचं झाकण अर्धा-पाऊण तास हात लावू नका, दाबाखाली असतं, तोंडावर येतं. नंतर भरायचं ते कूलंटच, बोअरचं पाणी नाही, त्याच्या क्षारानं आतले बारीक रस्ते बंद होतात. ऑटोमॅटिकमध्ये ड्युअल क्लचवाली (दोन क्लच आपोआप गिअर बदलणारी) गाडी असेल तर चढाला अ‍ॅक्सिलरेटरवर धरून ठेवू नका, ब्रेकवर धरा, नाहीतर क्लच तापतो आणि मीटरवर गिअरबॉक्स गरम झाल्याचा मेसेज येतो.

आणि पुराचं. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या ओळखीतल्या किती गाड्या पाण्यात होत्या ते आठवलं तरी पोटात गोळा येतो. पाणी उतरल्यावर चालू होते का बघू म्हणून किल्ली फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉडच वाकतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, आतलं-बाहेरचं सगळं भरपूर फोटो काढून ठेवा, इन्शुरन्सला कळवा, पॉलिसीत इंजिन प्रोटेक्शन घेतलंय का बघा, आणि गाडी टोइंगवर चढवूनच न्या.