सिल्की कोंबडी पाळताय? विदर्भाच्या उन्हापावसात या चुका टाळा

मृगाच्या पहिल्या पावसात आमच्या अंगणातल्या चार सिल्की, म्हणजे रेशमी पिसांच्या कोंबड्या भिजल्या. गावरान कोंबड्यांनी अंग झटकलं आणि पळत जाऊन बंडीखाली, म्हणजे बैलगाडीखाली उभ्या राहिल्या. सिल्की मात्र जिथे होत्या तिथेच बसल्या, ओल्या कापसाच्या बोळ्यासारख्या. मी त्यांना उचलून खुराड्यात ठेवलं, पण पुसलं नाही, कोरडं केलं नाही. कोंबडीच ती, वाळेल आपोआप, असं वाटलं. सकाळी दोन मेलेल्या होत्या.

हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या गावात तेव्हा हा पक्षी कोणी पाहिलाच नव्हता. विचारायचं कोणाला? त्यामुळे एकेक गोष्ट नुकसान करून कळली. आता आसपासच्या बायका, शाळकरी पोरं, शेतीला जोडधंदा शोधणारे तरुण पिल्लं न्यायला येतात आणि महिनाभरात तेच प्रश्न घेऊन परत येतात. म्हणून हे लिहायला बसले.

तिला गावरान समजणं

साध्या कोंबडीच्या पिसाचे तंतू बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकलेले असतात. म्हणून पीस पात्यासारखं सलग राहतं, पाणी वरून ओघळतं, पंखात हवा धरता येते. सिल्कीच्या पिसाला हे आकडे नसतात. तंतू मोकळे सुटतात आणि अंगावर रेशमाचा पुंजका दिसतो. मार्को पोलोने चीनबद्दल सांगताना मांजरासारखे केस असलेल्या कोंबड्यांचा उल्लेख केला होता, तो याच जातीचा मानतात. दिसायला देखणी, पण पाण्यापुढे लाचार. तिला उडताही येत नाही.

एवढं लक्षात घेतलं की निम्म्या चुका टळतात. उंच दांडी बांधू नका; जमिनीपासून वीतभर उंचीचा रुंद पाट पुरतो, नाहीतर त्या रात्री कोपऱ्यात एकमेकींवर चढून बसतात. मुंगूस किंवा बोका आला तर उडून झाडावर जाणं त्यांना जमत नाही, म्हणून संध्याकाळी दार लागलंच पाहिजे आणि जाळीला बोट जाईल एवढीही फट नको. पावसाळ्यात खाली धानाचं तूस किंवा लाकडाचा भुसा जाड पसरा आणि ओला झालेला भाग रोज काढा. आम्ही आधी कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा टाकायचो. ते ओल धरतं, त्याला बुरशी येते आणि कोंबड्या खोकायला लागतात.

सिल्कीच्या पायांवरही पिसं असतात. ती चिखलात भरली की पायाला खरूज धरते. खवले उचलतात, पाय जाडसर, पांढरट दिसतो. खवल्याखाली किडे असतात. पाय कोमट पाण्याने धुऊन, कोरडे करून खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन दर दोन-तीन दिवसांनी चोळा. फार पसरलं असेल तर डॉक्टरांना विचारून औषध. आणि कोंबडी भिजलीच तर आधी फडक्याने पुसा, मग ऊबेत ठेवा. आमच्या घरी केस वाळवायचं यंत्र आलं ते याच कामासाठी.

वाकडी मान म्हणजे मानमोडीच, असं ठरवणं

विदर्भात कोंबडीची मान वळली की कोणीही सांगेल, मानमोडी आली. मानमोडी म्हणजे राणीखेत. ती आली तर एक कोंबडी आजारी पडून भागत नाही. हिरवट हगवण, धाप, पाय-पंख लुळे पडणं आणि दोन-चार दिवसांत खुराडं रिकामं. पण सिल्कीची मान इतर कारणांनीही वळते, आणि माझ्याकडून ज्या एका तुऱ्यावाल्या पिल्लाचा बळी गेला तो याच गोंधळात. मी त्याला बाहेर टाकून दिलं. नंतर कळलं, त्याला राणीखेत नव्हताच.

सिल्कीच्या बऱ्याच पक्ष्यांच्या डोक्यावर फुगीर उंचवटा असतो आणि तिथल्या कवटीचं हाड पूर्ण जुळलेलं नसतं. वर झुबकेदार तुरा असल्याने आपल्याला ते दिसत नाही. दुसऱ्या कोंबडीने तिथे एक जोराची चोच मारली तरी पक्षी गरगर फिरतो, मागे मागे चालतो, डोकं पायात घालतो. म्हणून सिल्की गावरान कोंबड्यांत मिसळू नका, निदान पिल्लं तरी नाहीच. आहारात ई जीवनसत्त्व कमी पडलं तरीही असंच होतं.

मग करायचं काय? एकच पक्षी आजारी, बाकी सगळे खातेपिते, हगवण नाही, असं असेल तर त्याला लगेच वेगळं करा. अंधाऱ्या, ऊबदार टोपल्यात ठेवा, पाणी आणि भिजवलेलं खाद्य हाताने चोचीशी लावा. ई जीवनसत्त्व आणि बी-कॉम्प्लेक्स डॉक्टरांच्या सल्ल्याने द्या. माझी काही पिल्लं दोन-तीन आठवड्यांनी सरळ झाली. धीर लागतो. एक पाय पुढे आणि एक मागे ताणून पडलेलं तरुण पिल्लू मात्र बहुधा मॅरेक्स नावाच्या रोगाचं असतं. सिल्कीला हा रोग लवकर धरतो, त्यावर औषध नाही, लस पहिल्याच दिवशी टोचावी लागते. ती टोचलेली आहे का, हे पिल्लं विकत घेताना विचारा.

राणीखेतची लासोटा लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंबाने देतात, चौथ्या आठवड्याच्या आसपास पुन्हा, आणि साधारण दोन महिन्यांचं झाल्यावर आर-टू-बी ही राणीखेतचीच दुसरी लस टोचतात. इथे लोक अडतात ते एका साध्या गोष्टीवर: बाटलीत मात्रा असतात शे-दोनशे आणि घरी पिल्लं बारा. मग देतच नाहीत. वाडीतल्या सगळ्यांनी एक दिवस ठरवावा, थर्मासमध्ये बर्फ घालून बाटली आणावी आणि फोडल्यावर तासा-दोन तासांत संपवावी. आम्ही आता सात घरं मिळून करतो.

उन्हाळ्यात अंडी बसवणं

सिल्की खुडूक फार बसते. दहा-पंधरा अंडी दिली की बसली. वर्षाला शंभर-सव्वाशेच्या पुढे अंडी तिच्याकडून मागूच नयेत. पण ती बसली म्हणून प्रत्येक वेळी अंडी ठेवायची, ही चूक. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि खुडूक कोंबडी दिवसातून एकदाच उठते. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत एक कोंबडी मी अशीच अंड्यांवर बसलेली, मान टाकलेली पाहिली. त्या दिवसांत तिला अंड्यांवरून उठवा, हवेशीर पिंजऱ्यात ठेवा, खुडूक मोडू द्या. छपरावर पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) किंवा पळसाची पानं जाड टाका, बाजूला ओले बारदान लटकवा, पाणी मडक्यात ठेवा आणि खाद्य पहाटे व दिवेलागणीला घाला.

दुसरी गोष्ट अंडी साठवण्याची, ही फार कमी जणांना माहीत असते. साधारण २०–२१ अंशांच्या वर गेलं की अंड्यातला गर्भ हळूहळू वाढू लागतो. मेच्या खोलीत आठ दिवस ठेवलेलं अंडं बसवण्याआधीच अर्धवट वाढून मेलेलं असतं. २१ दिवस वाट पाहून मग आपण कोंबड्याला नाव ठेवतो. फ्रिजमध्ये ठेवलं तर फार थंड होतं. १५ अंशांच्या आसपास, टोकदार बाजू खाली, आणि आठवड्याच्या आत बसवायचं. आमच्या भागात हे थंडीतच नीट जमतं, म्हणून मी दसऱ्यानंतर सुरू करते आणि महाशिवरात्रीला थांबते. लाइटचा भरवसा नसल्याने मशीनपेक्षा माझा विश्वास कोंबडीवरच. एका सिल्कीखाली तिची आठ अंडी पुरे, गावरानाची मोठी असतील तर पाच.

थंडीत पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पाण्याच्या ताटलीत खडे टाका; इवलाली पिल्लं त्यात बुडून मरतात.

सरकी ढेप आणि नुसती कणी

घरात गाईची ढेप असतेच, तीच कोंबड्यांना टाकतात. कापसाच्या सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. गाय ते बऱ्यापैकी पचवते, कोंबडीला ते बाधतं. पिल्लं वाढत नाहीत, अंडी कमी उबतात, ठेवलेल्या अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी पडतो. एका ताईंनी मला असं अंडं फोडून दाखवलं होतं, रोग समजून त्या घाबरल्या होत्या. ढेप बंद केल्यावर हळूहळू बलक पूर्ववत झाला. नुसत्या कणीवर, ज्वारीवर पिल्लं जगतात, पण पिसं विरळ राहतात. पिसं प्रथिनांनी बनतात. पहिले दोन महिने वीसेक टक्के प्रथिनांचं पिल्लांचं खाद्य द्याच. बुरशी लागलेला मका कितीही स्वस्त मिळाला तरी नको.

रंग पिल्लं निघाल्यावर पाहणं

माझं मन सगळ्यात जास्त रमतं ते इथे, आणि सगळ्यात जास्त फसवणूक होते तीही इथेच. रंग ठरतो जोडी लावताना. एका खुराड्यात पांढरा कोंबडा, काळी, निळी, बदामी कोंबडी सोडून "बघू काय निघतं" म्हणणाऱ्याच्या घरी तिसऱ्या पिढीला सगळं मातकट निघतं, आणि मग ते कोणी घेत नाही.

निळ्यापासून सुरुवात करू. काळ्या रंगावर फिका करणाऱ्या गुणाचं एक माप पडलं की पक्षी निळा, म्हणजे पाटीसारखा राखी. दोन मापं पडली की स्प्लॅश: मळकट पांढऱ्यावर निळसर शिंतोडे. एकही माप नाही तर काळा. त्यामुळे निळ्याला निळा लावला तर सगळी निळी निघत नाहीत. सरासरीने निम्मी निळी, पाव काळी, पाव स्प्लॅश. सगळी निळी हवी असतील तर काळ्याला स्प्लॅश लावा. काळा आणि निळा लावला तर निम्मे-निम्मे. हा हिशोब पुष्कळ पिल्लांवर बसतो, आठ अंड्यांत सगळी काळी निघाली तर कोंबड्याला दोष देऊ नका.

लॅव्हेंडर दिसतो निळ्यासारखा, पण त्याची चाल वेगळी. तो आई-बाप दोघांकडून यावा लागतो. लॅव्हेंडरला काळी लावली तर सगळी पिल्लं काळी, फक्त आत लॅव्हेंडर दडलेला. अशी दोन काळी आपसात लावली तर पाव लॅव्हेंडर. लॅव्हेंडरला लॅव्हेंडर लावला तर सगळी लॅव्हेंडर, पण पिढ्यान् पिढ्या तसंच केलं तर पिसं तुटकी होतात, म्हणून मध्येच चांगल्या पिसांचा काळा पक्षी आणायचा. निळा आणि लॅव्हेंडर एकत्र करू नका. कोण काय आहे हे पुढे ओळखताच येत नाही.

पांढऱ्याने मला दोन वर्षं गोंधळात टाकलं. सिल्कीचा नेहमीचा पांढरा खालचा रंग नुसता झाकतो. मी पांढरा कोंबडा काळ्यांवर सोडला, राखी पिल्लं मिळतील या आशेने. निघाली काळपट, आणि नर मोठे झाले तेव्हा मानेवर सोनेरी पिसं. त्या पांढऱ्याच्या खाली कुठला तरी तित्तिरी, म्हणजे तित्तिर पक्ष्यासारखा तपकिरी रंग दडलेला होता. पांढऱ्याला पांढरीच लावा. बदामी आणि तित्तिरी रंगही आपापल्या घरातच ठेवा.

पेंट, म्हणजे पांढऱ्यावर काळे ठिपके, सध्या फार मागतात. त्यातला पांढरा निराळा, काळ्याला एकाच मापात दाबणारा. पेंटला पेंट लावला तर पाव पूर्ण पांढरी, निम्मी पेंट, पाव काळी, आणि कातडीवर गुलाबी डाग यायला लागतात. सिल्कीची कातडी काळी हवी, म्हणून पेंटला काळी लावणं बरं.

अजून एक, ज्यात जाणकारही चुकतात: कोंबडा बदलला की लगेच अंडी बसवतात. कोंबडीच्या पोटात आधीच्या कोंबड्याचं बीज दोन-तीन आठवडे टिकतं. तीन आठवड्यांची अंडी खाऊन टाका, मग नवी जोडी मोजा. मी पायात रंगीत रिंगा घालते आणि कोणत्या रिंगेची अंडी कधी बसवली ते वहीत लिहिते. चार-पाच कोंबड्यांना एक कोंबडा, आणि शेपटीखालची दाट पिसं कात्रीने कमी केली तर फळणाऱ्या अंड्यांचं प्रमाण वाढतं.

पाच बोटं पाहून पैसे देणं

बाजारात "पाच बोटं आहेत ना, मग शुद्ध" असं सांगतात. पाचवं बोट आई-बापांपैकी एकाकडूनही येतं, म्हणून गावरानाशी झालेल्या संकरातही दिसतं. रेशमी पीस मात्र दोघांकडून यावं लागतं. सिल्की आणि गावरानाची पहिली पिल्लं साध्या पिसांचीच निघतात. कडकनाथाशी संकर केला तर कातडी काळी राहील, पीस साधंच. एक दिवसाच्या पिल्लावर हे कळत नाही, लव सगळ्यांचीच मऊ. दोन-तीन आठवड्यांनी पंख फुटतात, तेव्हा पंखाचं पातं सलग दिसलं की ओळखा. रेशमी पीस असलं तरी कातडी, चोच काळसर आहे का, डोक्यावरचा मांसल तुरा अक्रोडासारखा आहे का, कानाची पाळी निळसर आहे का, तेही पाहा. संकराचा संकर रेशमी पिसांचाही निघतो.

आणि नर-मादी? सिल्कीत ते चार-पाच महिने खात्रीने सांगता येत नाही. नराच्या डोक्यावरची पिसं मागे लांब सुटतात, मादीचा झुबका गोल राहतो, पण मीही चुकते. म्हणून लहान पिल्लांची जोडी म्हणून मी विकत नाही, सहा पिल्लं एकत्र देते आणि नर जास्त निघाले तर मोठेपणी बदलून घेते.