सेव्हिलला तीन-चार दिवस जाताय? मग आधी उन्हाचं वेळापत्रक बघा

सेव्हिलमध्ये उन्हाळ्यात सगळ्यात जास्त तापतं ते दुपारी एकला नाही, संध्याकाळी पाच-सहाला. हे एवढं डोक्यात बसलं ना की ट्रिपचं अर्धं प्लॅनिंग झालंच म्हणून समजा. स्पेनने १९४० मध्ये आपली घड्याळं मध्य युरोपाच्या वेळेला लावली ती आजतागायत तशीच आहेत, आणि सेव्हिल तर नकाशात लंडनच्याही पश्चिमेला, त्यात उन्हाळ्यात घड्याळ अजून एक तास पुढे, मग सूर्य डोक्यावर यायलाच सव्वादोन-अडीच वाजतात आणि जूनमध्ये तो मावळतो पावणेदहाच्या आसपास. तिथली माणसं दुपारी दोन-अडीचला जेवतात, रात्री नऊच्या आत ताटावर बसत नाहीत, मधे बरीच दुकानं बंद, सगळा उन्हाचाच हिशोब. त्यामुळे काय काय बघायचं याची यादी नंतर करा, आधी दिवसाचे तुकडे पाडा. सकाळ बघायला, दुपार जेवून पडायला, ऊन उतरलं की परत बाहेर.

कधी जायचं? जुलै-ऑगस्ट शक्यतो नकोच, पारा ४० च्या वर जाणं तिथे नेहमीचं आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्च बेस्ट. मार्चमध्ये रस्त्यांवरची संत्र्याची झाडं फुलतात आणि अख्ख्या गावाला तो वास असतो (झाडावरची संत्री खायला जाऊ नका, भयंकर कडू असतात, मार्मलेडवाली). ईस्टरच्या आधीचा आठवडा आणि त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी येणारी एप्रिलची जत्रा, या दोन्ही वेळा हॉटेलचे रेट बघून डोळे पांढरे होतात. ईस्टरच्या आठवड्यात तर मिरवणुकांमुळे रस्तेच्या रस्ते बंद, समोर दिसणाऱ्या हॉटेलपर्यंत पोचायला अर्धा तास लागू शकतो. मिरवणुकाच बघायला जाताय तर प्रश्नच नाही, जा, पण मग अल्काझार (इथला राजवाडा)-बिल्काझार आरामात बघू असं मनात धरू नका.

भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा लागणार. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, कमीत कमी १५ दिवस आधी तरी करायलाच हवा, आणि मेडिकल इन्शुरन्स ३०,००० युरोच्या कव्हरचा पाहिजे. पोर्तुगाल वगैरे जोडून करत असाल तर जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा.

पोचायला सोपा रस्ता म्हणजे माद्रिदपर्यंत विमान आणि तिथून हायस्पीड ट्रेन, साधारण अडीच तास. ही लाइन १९९२ पासून आहे, सेव्हिलच्या जागतिक प्रदर्शनाच्या वर्षी सुरू झाली. तिकिटाचे भाव विमानासारखे वरखाली होतात, म्हणून तारखा ठरल्या की लगेच बघायला घ्या, आणि एकाच कंपनीच्या साइटवर थांबू नका, या मार्गावर आता दोन-तीन कंपन्या गाड्या चालवतात.

राहायचं कुठे यावर लोक फार डोकं खपवतात. सांता क्रूझ एकदम मध्यात, कॅथेड्रल दाराशी, पण गल्ल्या इतक्या चिंचोळ्या की टॅक्सी आत येत नाही आणि मॅपवरचा निळा ठिपका भिंतीतून चालायला लागतो, दगडी फरशीवरून चाकाची बॅग ओढत जावं लागेल याची तयारी ठेवा. नदीपलीकडे त्रियाना, माझ्या मते राहायला तेच जास्त छान, लोकांची वस्ती आहे, पुलावरून चालत मध्यात यायला दहा-पंधरा मिनिटं. रात्री बारा-एकपर्यंत गजबज आवडत असेल तर आलामेदा. काहीही घ्या, दोन गोष्टी बुकिंगआधी तपासा, एसी आहे का आणि खोली रस्त्याकडे उघडते की आतल्या चौकाकडे. आतली घ्या, झोप लागेल.

आता मुख्य. वेळ धरून आधी काढायची तिकिटं दोनच, अल्काझार आणि कॅथेड्रल. बाकी सगळं जाता जाता होतं.

अल्काझारचं तिकीट आठवडा-दोन आठवडे आधी ऑफिशियल साइटवरूनच घ्या, मधल्या एजंटच्या साइट्स सर्चमध्ये वर येतात आणि तेच तिकीट दुप्पट भावाला देतात. तिकिटावर नाव असतं, म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा. सकाळी साडेनऊचा पहिला स्लॉट मिळाला तर डोळे झाकून घ्या. आत शिरल्यावर सगळे पहिल्या अंगणात फोटो काढत रेंगाळतात, तुम्ही सरळ पुढे पेद्रो राजाच्या महालात जा, पंधरा-वीस मिनिटं तरी तो जवळजवळ तुमचा असतो. चौदाव्या शतकात एका ख्रिश्चन राजाने मुसलमानी धाटणीचा महाल हौसेने बांधून घेतला, भिंतीवर अरबी अक्षरं आणि त्यातच कॅस्टिलचे किल्ले नि लेऑनचे सिंह (त्याच्या राज्यांची चिन्हं) कोरलेले, हे शोधत बसायला मजा येते. स्पॅनिश राजघराणं अजूनही इथे येऊन राहतं. बागा शेवटी ठेवा, तिथे सावली आहे. सगळं धरून तीन तास. सोमवारी शेवटच्या तासाला जवळपास फुकट प्रवेश असतो, पण एका तासात काय दिसणार, मी म्हणेन पैसे भरा.

कॅथेड्रल पर्यटकांना सकाळी जरा उशिरा उघडतं आणि रविवारी तर दुपारीच. त्याच तिकिटात हिराल्दा मनोरा येतो. हा मूळचा बाराव्या शतकातल्या मशिदीचा मिनार, वर घंटांचा मजला नंतर चढवला. गंमत म्हणजे आत शेवटच्या काही पायऱ्या सोडल्या तर जिनाच नाही, ३५ उतरते रॅम्प आहेत, बांग देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावं म्हणून असं सांगतात, प्रत्येक वळणावर नंबर लिहिलेला असतो त्यामुळे किती राहिलं ते कळतं, आणि गुडघे कुरकुरणाऱ्यांनाही जमण्यासारखं आहे. खाली कोलंबसची कबर चुकवू नका, स्पेनमधल्या चार जुन्या राज्यांचे चार पुतळे त्याची शवपेटी खांद्यावर घेऊन उभे आहेत. एकाच दिवशी अल्काझार आणि कॅथेड्रल होऊ शकतं, पण मधे जेवण आणि झोप टाका, नाहीतर दुसरीकडे नुसते पाय ओढत फिराल.

प्लासा दे एस्पान्या १९२९ च्या प्रदर्शनासाठी बांधलेला, अर्धगोलाकार, एकेका प्रांताच्या नावाने टाइल्सचे कोनाडे आणि बाक. तिकीट नाही. भर दुपारी तिथे जाणं म्हणजे तव्यावर उभं राहणं, सकाळी नऊच्या आत नाहीतर सूर्य मावळायच्या तासभर आधी जा. लाकडी छत्र्यांचं ते २०११ चं बांधकाम, ज्याला तिथले लोक मशरूम म्हणतात, ते मला खालूनच पुरेसं वाटतं. म्युझियम आवडत असतील तर सोमवार टाळा, बरीचशी बंद.

खाण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण इथेच लोक उपाशी राहतात. दुपारी चार ते रात्री आठ बऱ्याच ठिकाणी किचन बंद असतं, ड्रिंक मिळेल पण जेवण नाही. संध्याकाळी सातला जे हॉटेल फोटोवाला मेन्यू लावून जेवण देतंय ते फक्त पर्यटकांसाठी आहे असं समजून पुढे चला. दुपारचं जेवण मोठं करा, आठवड्याच्या दिवशी मेनू देल दिया विचारा, ठरलेल्या किमतीत दोन डिश, ब्रेड, कधी गोड, स्वस्त पडतं. रात्री तापास म्हणजे छोट्या छोट्या डिश, एका बारमध्ये एक-दोन, मग पुढचा बार. एल रिंकोन्सियो नावाचा बार १६७० पासून आहे, तिथे उभं राहून खाल्लं तर वेटर तुमचा हिशोब समोरच्या लाकडी काउंटरवरच खडूने लिहितो, पैसे दिले की पुसून टाकतो.

शाकाहारी असाल तर नीट लक्ष द्या, नुसतं मांस नको म्हटलं तरी वरून हॅमचे तुकडे किंवा टुना येऊ शकतो, त्यामुळे 'सिन हामोन, सिन आतून' (हॅमशिवाय, टुनाशिवाय) हे पाठच करून ठेवा. पालक आणि छोल्यांची एस्पिनाकास कोन गार्बान्सोस ही इथली खासियत आहे, जिऱ्याचा वास येतो, हमखास आवडते. साल्मोरेहो म्हणजे टोमॅटो आणि ब्रेडचं दाट गार सूप, वर अंडं नि हॅम भुरभुरतात, ते नको सांगा. बटाट्याचं ऑम्लेट सगळीकडे, अंडं चालत असेल तर पोट भरतं. नळाचं पाणी फुकट द्यायचा २०२२ पासून कायदा आहे, बिनधास्त मागा. टीपची सक्ती नाही, सुटे ठेवले तरी चालतं.

एक सकाळ कोर्दोबाला द्या. हायस्पीड ट्रेनने पाऊण तास, स्टेशनपासून मेस्कीता, म्हणजे तिथली प्रसिद्ध जुनी मशीद, वीस-पंचवीस मिनिटं चालत. सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ वैयक्तिक पर्यटकांना प्रवेश फुकट असतो आणि टूरचे घोळके नसतात, म्हणून पहाटेची गाडी पकडायचा त्रास सोसण्यासारखा आहे. आठव्या शतकात सुरू झालेली ही मशीद, साडेआठशेच्या आसपास खांब, बरेचसे जुन्या रोमन इमारतींतून उचललेले. ते खांब बुटके पडले म्हणून कारागिरांनी कमानीवर दुसरी कमान चढवून छप्पर उंच केलं, त्याच त्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या दुहेरी कमानी. आणि चालता चालता मधेच सोळाव्या शतकातलं अख्खं चर्च समोर येतं. दुपारचं जेवण तिथेच करून परत या, उन्हाळ्यात कोर्दोबा सेव्हिलपेक्षा थंड वगैरे नाही.

फ्लामेंको (इथला नाच-गाण्याचा प्रकार) बघायचा असेल तर तासाभराचा, छोट्या हॉलमधला शो घ्या, डिनरवाला नको, तिथे ताटांचाच आवाज जास्त. फोटो शेवटी काढू देतात तेवढेच काढा, मधे ठेका धरून टाळ्या वाजवू नका, तो ताल फसवा असतो.

परतीला ट्रेन असेल तर स्टेशनवर बॅगा स्कॅनरमधून जातात आणि गाडी सुटायच्या दोन मिनिटं आधी गेट बंद होतं, अर्धा तास हातात ठेवा. विमान सेव्हिलहूनच असेल तर एअरपोर्टची बस सांता हुस्ता स्टेशनवरून जाते, टॅक्सीची गरज नाही.