उन्हाळ्यात प्रवासात इन्सुलिन कसं न्यायचं

मे महिन्यात एसटीने विदर्भात जाणार असाल आणि सोबत इन्सुलिन असेल तर सगळ्यात आधी हे लक्षात घ्या की चालू असलेलं इन्सुलिन पेन (पेनासारखं दिसणारं इंजेक्शन) बाहेर ३० डिग्रीच्या आत साधारण चार आठवडे टिकतं (काही ब्रँडचं कमी-जास्त असतं, खोक्यातला कागद वाचाच), पण न उघडलेला स्टॉक २ ते ८ डिग्रीतच हवा. बरेच जण बर्फाच्या पिशवीला चिकटवूनच पेन ठेवतात, प्लीज असं करू नका, एकदा गोठलं की ते वितळल्यावर नॉर्मल दिसलं तरी वापरायचं नाही. पेन आधी कोरड्या नॅपकिनमध्ये गुंडाळा मग डब्यात, आणि आइस पॅक डब्याच्या बाहेरून. बर्फ मिळणार नसेल तर पाण्यात भिजवायचे कूलिंग पाऊच मिळतात, ते हवा लागली तरच गार राहतात त्यामुळे बॅगेत खाली कोंबू नका.

गाडीची डिकी, डॅशबोर्ड तर नकोच नको! विमानात पण हँडबॅगेतच ठेवा, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. आणि टोचायच्या आधी बघून घ्या, नेहमी पाण्यासारखं स्वच्छ असणारं गढूळ दिसलं तर सरळ नवीन घ्या.