वाळवंटातील राष्ट्रीय उद्याने, आरव्ही आणि मुले: निघण्यापूर्वीची तयारी

लास वेगासहून भाड्याची आरव्ही, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली मोठी गाडी, घेऊन अमेरिकेतील डेथ व्हॅली आणि जोशुआ ट्री ही दोन राष्ट्रीय उद्याने मुलांसह आठ-नऊ दिवसांत पाहायची असतील, तर तयारीला निघण्याच्या सहा महिने आधी बसावे. आरव्हीत पलंग, शेगडी, फ्रीज आणि संडास असल्यामुळे आपण घरच बरोबर नेत आहोत असा समज होतो आणि नेमक्या त्या समजापोटी बहुतेक चुका होतात. घरातला नळ सोडला की पाणी येते आणि बटण दाबले की वीज मिळते. या चाकांवरच्या घरात मात्र पाणी, वीज आणि सांडपाण्याची जागा या तिन्ही गोष्टी मोजलेल्या असतात, आणि वाळवंटात त्या पुन्हा भरून किंवा रिकाम्या करून घेण्याची ठिकाणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

पहिला निर्णय महिन्याचा. ऑक्टोबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचा काळ योग्य समजावा. महाराष्ट्रातून येणाऱ्या कुटुंबांना मे महिन्याची सुट्टी सोयीची वाटते, परंतु तेव्हा येथील उन्हाळा सुरू झालेला असतो आणि जुलैत तर डेथ व्हॅलीतील फर्नेस क्रीक येथे पारा 45 अंश सेल्सिअसच्या पुढे जाणे नित्याचे असते. 10 जुलै 1913 रोजी तेथेच 56.7 अंशांची नोंद झाली होती. आरव्हीच्या छतावरचा एसी मुक्कामाच्या जागी मिळणाऱ्या जोडणीच्या विजेवर किंवा जनरेटरवरच चालतो आणि अशा उन्हात तो पत्र्याची पेटी पुरेशी थंड ठेवू शकत नाही. उन्हाळ्यात डेथ व्हॅलीत गाडी नेण्यास मनाई करणारे कलम भाडेकरारात आहे का, हे सही करण्यापूर्वी वाचून घ्यावे. दिवाळीची सुट्टी या बेतासाठी उत्तम. अमेरिकेतच राहणाऱ्यांना थँक्सगिव्हिंग, नाताळ किंवा मार्चमधील सुट्टी घेता येते. मात्र हिवाळ्यातही जोशुआ ट्रीच्या उंच भागात रात्री पाणी गोठण्याइतकी थंडी पडते, त्यामुळे मुलांच्या टोप्या, मोजे आणि जाड पांघरुणे कपाटाच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवावीत.

तारीख ठरली की गाडीची लांबी ठरवावी. येथे मोह आवरणे महत्त्वाचे आहे. मुले आहेत म्हणून तीस फुटांची प्रशस्त गाडी घ्यावीशी वाटते, परंतु डेथ व्हॅलीतील आर्टिस्ट्स ड्राइव्ह आणि दांतेज व्ह्यू या रस्त्यांवर 25 फुटांपेक्षा लांब वाहनांना मनाई आहे, आणि जोशुआ ट्रीतील हिडन व्हॅली व व्हाइट टँक या कॅम्पग्राउंडवरही (मुक्कामाच्या तळांवरही) मर्यादा तीच आहे. जाहिरातीतील आकड्यावर विसंबून न राहता मागच्या बंपरपासून पुढच्या टोकापर्यंतची खरी लांबी, तसेच एसीसह उंची विचारून एका चिठ्ठीवर लिहावी आणि ती चिठ्ठी चालकाच्या समोर चिकटवावी. पुढे युटा राज्यातील झायन राष्ट्रीय उद्यानाकडे वळण्याचा विचार असेल तर ही चिठ्ठी अधिकच उपयोगी पडते, कारण 1930 मध्ये पूर्ण झालेला तेथील 1.1 मैलांचा बोगदा आजच्या मोठ्या वाहनांसाठी बांधलेलाच नाही. 11 फूट 4 इंचांपेक्षा उंच किंवा 7 फूट 10 इंचांपेक्षा रुंद गाडीसाठी तेथील ताजे नियम पाहूनच मार्ग आखावा.

कॅम्पग्राउंडचे आरक्षण सहा महिने आधी खुले होते तेव्हाच करावे. फर्नेस क्रीक येथे वीज, पाणी आणि सांडपाण्याची पूर्ण जोडणी असलेल्या जागा थोड्याच आहेत व त्या लगेच संपतात. जोशुआ ट्री उद्यानात कोठेही जोडणी नाही आणि जनरेटरही दिवसातून तीन वेळा, ठरलेल्या दोन-दोन तासांतच चालवता येतो; लहान मुलाला वाफारा द्यायचा असेल किंवा औषध थंड ठेवायचे असेल तर या वेळा लक्षात घेऊनच मुक्काम ठरवावा.

आता पाणी. माणशी दिवसाला किमान एक गॅलन, म्हणजे सुमारे चार लिटर पाणी पिण्यासाठी ठेवावे हा उद्यानांचा नियम चौघांच्या कुटुंबाला दिवसाला सोळा लिटरवर नेतो. तीन दिवसांचे अठ्ठेचाळीस लिटर पाणी वेगळ्या कॅनमध्ये, गाडीच्या टाकीला न जोडता ठेवावे. टाकीतील पाणी भांडी, हातपाय आणि संडास यांसाठी असते व ते किती उरले हे दाखवणाऱ्या दिव्यांवर माझा तरी विश्वास नाही. जोशुआ ट्रीमध्ये पाणी उद्यानाच्या कडेच्या मोजक्या ठिकाणी, म्हणजे कॉटनवुड, ब्लॅक रॉक, ट्वेंटीनाइन पाम्सचे माहिती केंद्र अशा जागी मिळते. उद्यानाच्या आतल्या जम्बो रॉक्स कॅम्पग्राउंडला पोहोचल्यावर नळ शोधू नये. शॉवर सुरू ठेवून केलेली एक अंघोळ टाकीचा मोठा हिस्सा संपवते आणि तेवढेच पाणी खालच्या सांडपाण्याच्या टाकीत भरते, म्हणून एक छोटी बादली आणि तांब्या न लाजता बरोबर घ्यावा. आपल्याकडच्या दुष्काळी भागातील घरांना हे शिकवावे लागत नाही.

मुलांच्या बाबतीत अडचण अशी की कोरड्या हवेत घाम आल्याआल्या उडून जातो, अंगरखा ओला होत नाही, आणि खेळात रमलेले मूल तहान लागल्याचे सांगत नाही. त्यामुळे विचारून पाणी न देता घड्याळ पाहून द्यावे, दर अर्ध्या तासाला काही घोट प्यायला लावावेत आणि लघवीचा रंग गडद दिसल्यास चालणे तेथेच थांबवून सावलीत परतावे. नुसते पाणीही पुरत नाही. मीठ-साखरेचे लिंबू सरबत, कोकमाचा आगळ आणि ओआरएसची पाकिटे ठेवावीत. शिध्यात मेतकूट, भाजणी, भाजलेले पोहे आणि दशम्या असाव्यात, कारण हे टिकते, कमी भांड्यांत होते आणि भांडी घासायला पाणी कमी लागते. कुकर घ्यावा, खिचडीने भागते आणि शेगडीचा गॅसही वाचतो.

बसण्याच्या व्यवस्थेकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. गाडी चालू असताना मुले मागच्या पलंगावर लोळत जातील ही कल्पना मनातून काढून टाकावी. चाइल्ड सीट पुढे तोंड असलेल्या आणि पक्का पट्टा असलेल्या जागीच बसवता येते. जेवणाच्या टेबलाजवळच्या मागे तोंड केलेल्या आसनावर ती बसवू नये. कॅलिफोर्नियात आठ वर्षांखालील मुलाला कार सीट किंवा बूस्टर लागतो, अपवाद 4 फूट 9 इंच उंची गाठलेल्या मुलांचा. आपली सीट त्या आसनावर खरोखर बसते का, हे गाडी ताब्यात घेतानाच, आवारातून बाहेर पडण्यापूर्वी बसवून पाहावे.

औषधांच्या पेटीत नेहमीच्या गोष्टींबरोबर जाड दातांचा कंगवा आणि चिमटा हवाच. जोशुआ ट्रीतील चोया निवडुंगाचे तुकडे नुसत्या स्पर्शाने कपड्याला किंवा कातडीला चिकटतात. बोटाने काढायला गेल्यास बोटालाच चिकटतात, म्हणून कंगवा मध्ये घालून तो तुकडा झटक्यात उडवावा आणि उरलेले काटे चिमट्याने काढावेत. पायांत बंद बूट असावेत, आणि रात्री बाहेर ठेवलेले बूट सकाळी झटकल्याशिवाय घालू नयेत, कारण विंचवाला अशी जागा आवडते. फर्नेस क्रीकपासून रुग्णालय असलेले जवळचे गाव पाहरम्प सुमारे एका तासाच्या अंतरावर आहे आणि मध्ये फोनला रेंज मिळेलच असे नाही.

याच कारणाने नकाशा कागदावर असावा. डेथ व्हॅलीत जीपीएसने चुकीच्या वाटेला नेल्याची उदाहरणे आहेत, आणि येथील रस्ते पुराने बंद पडतात हे वाळवंटाचा विचार करताना आपल्या डोक्यात येत नाही. 20 ऑगस्ट 2023 रोजी हिलरी वादळामुळे येथे एका दिवसात 2.2 इंच पाऊस झाला आणि उद्यान जवळजवळ दोन महिने बंद राहिले. निघण्याच्या आदल्या रात्री उद्यानाच्या संकेतस्थळावरील बंद रस्त्यांची यादी वाचावी. इंधन उद्यानात महाग असते आणि जोशुआ ट्रीच्या आत मिळतच नाही, तेव्हा आत शिरण्यापूर्वीच्या शेवटच्या गावात टाकी भरावी. डेथ व्हॅलीतील टाउन पासचा घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसू नये, खालच्या गिअरमध्ये उतरावे. मुक्कामावर वारा वाढला की गाडीच्या बाजूला उघडणारी सावलीची छत्री मिटावी. वाऱ्यात मोडलेल्या छत्रीचा खर्च विम्यातून मिळतो का, हेही करारात पाहून ठेवावे.

प्रवेशाच्या पासबाबत 2026 पासून नियम बदलले आहेत: अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी वार्षिक पास 80 डॉलरचा, तर इतरांसाठी 250 डॉलरचा आहे. ग्रँड कॅन्यन, झायन आणि ब्राइस यांच्यासह अकरा उद्यानांत वार्षिक पास नसलेल्या, सोळा वर्षे व त्यापुढील परदेशी पाहुण्यांना माणशी 100 डॉलर जादा पडतात. आजी-आजोबा पुण्याहून येणार असतील तर हा हिशेब आधी करावा, आणि रहिवाशांनी आपले सरकारी ओळखपत्र जवळ ठेवावे.

मुलांसाठी माहिती केंद्रातून ज्युनिअर रेंजर या मुलांच्या उपक्रमाची पुस्तिका घ्यावी. ती पूर्ण केली की रेंजर, म्हणजे उद्यानाचे कर्मचारी, शपथ देऊन बिल्ला लावतात, आणि त्या बिल्ल्यापायी मुले दुपारच्या उन्हात गाडीत शांत बसतात, हा आमचा अनुभव आहे. रात्री तारे पाहण्यासाठी लाल उजेडाची बॅटरी ठेवावी.

परतीच्या वाटेवर सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करण्याची जागा आधीच हेरून ठेवावी. जोशुआ ट्रीत ब्लॅक रॉक आणि कॉटनवुड येथे ती सोय आहे. हातमोजे घालून आधी संडासाची टाकी, मग भांडी-अंघोळीच्या पाण्याची, या क्रमाने सोडावी, म्हणजे नळी धुतली जाते. तेवढा वेळ मुलांना दूर ठेवावे आणि त्यांचे खिसे तपासावेत, कारण उद्यानातील दगड, वाळू किंवा वाळलेली फांदी बाहेर नेणे कायद्याने मना आहे आणि खिशात किमान तीन दगड निघतातच.