मुलांना बल आणि साहित्य शिकवताना या चुका टाळा

पूल मोडला की टाळ्या, आणि लगेच तुकडे कचऱ्यात! ही चूक मी सर्वांत जास्त पाहते. एका कार्यशाळेत मुलांनी आइस्क्रीमच्या काड्यांचे पूल केले होते. मधोमध बादली टांगून तिच्यात वाळू ओतत होते. एका गटाचा पूल फारच लवकर कोसळला. शिक्षकांनी निकाल दिला, "काड्या कमी पडल्या, पुढच्या वेळी जास्त लावा." मी कचऱ्याच्या डब्यातून तुकडे परत काढले. एकही काडी मोडलेली नव्हती. सांधे सुटले होते, आतला गोंद अजून ओला होता. काड्या दुप्पट लावूनही तो पूल तसाच सुटला असता. सकाळी बांधून दुपारी मोडायची ही घाई मला अजिबात मान्य नाही. पांढरा गोंद रात्रभर तरी वाळू द्या.

माझ्याकडे पूल मोडला की कोणी हात लावायचा नाही. आधी बघायचं: काडी तुटली, बाजूला वाकून निसटली, की सांधा उघडला? तुटली तर तिथे जाडी वाढवा. वाकली तर मध्ये आडवा आधार द्या, काडीची मोकळी लांबी कमी होते. सांधा उघडला तर चिकटणारी जागा वाढवा. वजन घालण्याआधी कुठे मोडेल तिथे मुलांना पेन्सिलने खूण करायला लावते. अंदाज चुकला की ती आपोआप वाकून बघतात.

दुसरी चूक म्हणजे हाताला काही जाणवण्याआधीच फळ्यावर 'ताण' आणि 'दाब' यांच्या व्याख्या. त्याऐवजी जाड स्पंजच्या बाजूवर उभ्या रेघा काढा, दोन टोकांवर टेकवा आणि मधून दाबा. वर रेघा जवळ येतात, खाली फाकतात. एकाच तुळईत वर दाब आणि खाली ताण, हे मुलाला दिसतं. मग खडू द्या. उभा धरून दाबला तर बराच भार घेतो, वाकवला की ताणाच्या बाजूने कट्कन तुटतो. काँक्रीटचंही तसंच: ताण सोसायची ताकद दाबाच्या साधारण एक दशांश. म्हणून दोन टोकांवर टेकलेल्या तुळईत मुख्य सळया खाली असतात, तर भिंतीतून पुढे आलेल्या बाल्कनीत वर. बाल्कनीचं उत्तर मुलांनीच स्पंज उलटा वाकवून शोधावं, तुम्ही सांगू नका.

"कागद कमकुवत असतो" असं सांगू नका. पट्टी सरळ ओढून पाहा, मग कागदाची नळी करून तिच्यावर पुस्तकं ठेवा.

"त्रिकोण मजबूत" हे पाठ करून घेऊ नका. पट्ट्या टाचणीने जोडा, चौकोन डोलू द्या, मग कर्ण लावा. गोंदाने चिकटवलेला चौकोन डोलतच नाही, त्यामुळे फरक कळत नाही.

छोटा नमुना टिकला म्हणजे मोठाही टिकेल, असं मुलांना वाटू देऊ नका. सगळी मापं दुप्पट केली की वजन आठपट होतं, पण भार पेलणारा काडीचा छेद, म्हणजे आडव्या कापाचं क्षेत्रफळ, चौपटच. गॅलिलिओने हे १६३८ मध्येच मांडलं होतं.

बादली जमिनीपासून वीतभरच उंच टांगा आणि काड्या मोडताना डोळ्यांवर चष्मा हवाच.