बोटीच्या बाल्कनीतून आतषबाजी: आईला घेऊन जाण्याआधीची तयारी

आईचे गुडघे दुखायला लागल्यापासून ३१ डिसेंबरला मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर जाऊन बसणं आमच्या घरात बंद झालं. तिथली गर्दी, चर्चगेटपर्यंतची पायपीट आणि मध्ये बाथरूमला जायचं म्हटलं तर पंचाईत. म्हणून गेल्या दिवाळीत क्रूझवर बाल्कनीवाली केबिन घेतली. स्वतःची खुर्ची, स्वतःचा कठडा, पाठीमागे चार पावलांवर पलंग. यंदा ३१ला पुन्हा जातोय, आणि गेल्या वेळी जे चुकलं ते लक्षात ठेवून ही तयारी लिहून काढली आहे. घरी वयस्कर माणूस असेल तर नक्की उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी बाजू. केबिनचा नंबर पक्का होण्याआधी विचारा, डावी की उजवी. गेल्या वेळी बुकिंग करणाऱ्याने ‘सगळ्या बाल्कन्या सारख्याच’ असं सांगितलं आणि आम्ही पैसे भरले. पाडव्याच्या रात्री आठच्या सुमाराला बोट बॅलार्ड पिअरहून निघाली. बंदरातून बाहेर पडताना ती दक्षिणेकडे जाते, म्हणजे गेटवे, ससून डॉक, कुलाबा, सगळं शहर उजव्या हाताला. आमची केबिन होती डावीकडे. आई शाल गुंडाळून तासभर घारापुरी आणि उरणच्या दिव्यांकडे तोंड करून बसली, आणि शहराच्या बाजूने नुसते आवाज येत राहिले. ती काही बोलली नाही, पण मला फार लागलं. तेव्हा जाताना उजवी बाजू आणि परत येताना डावी, हे पाठच करून ठेवा.

बोट धक्क्याला बांधलेली असेल तर ती हलत नाही, पण बंदरात नांगर टाकून उभी असेल तर गणित बदलतं. नांगरावरची बोट भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर फिरते. संध्याकाळी शहराकडे असलेली बाल्कनी मध्यरात्री घारापुरीकडे वळलेली असू शकते. अशा वेळी वरच्या डेकवर लिफ्टने कसं जायचं आणि तिथे बसायला जागा कुठे आहे, हे दुपारीच बघून या.

दुसरा प्रश्न, ऐन वेळेला बोट असेल कुठे? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८च्या आदेशात दिवाळीला रात्री ८ ते १० आणि नववर्षाच्या रात्री ११.५५ ते १२.३० अशी फटाक्यांची वेळ घालून दिली होती. म्हणजे ३१च्या रात्री हातात पस्तीसच मिनिटं. बोट संध्याकाळी पाचला निघणार असेल, तर तोवर ती कुलाब्याच्या टोकाजवळचं प्राँग्ज दीपगृह ओलांडून कितीतरी पुढे गेलेली असेल. दीड-दोनशे मीटर उंचीवर फुटलेला बाण दहा किलोमीटरवरून बघितला, तर हात लांब करून धरलेल्या करंगळीच्या नखामागे झाकला जातो. डिसेंबरातल्या मुंबईच्या धुरकट हवेत तर त्याचा रंगही कळत नाही. माझ्या मते दोन ते चार किलोमीटर हे खरं अंतर. प्रकाश दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा आणि तिनाने भागा, तेवढे किलोमीटर. गेल्या वेळी माझ्या भाचीने वरच्या डेकवर हाच खेळ केला आणि तीन वेळा सहा आकडे मोजून ‘दोन किलोमीटर’ असं ओरडून सांगितलं.

काही केबिनच्या समोर लाइफबोटी टांगलेल्या असतात आणि त्या बाल्कन्या थोड्या स्वस्त पडतात. आतषबाजीसाठी जात असाल तर हा मोह टाळा. समोर काही अडतंय का, हे नकाशावर बोट ठेवून विचारा. फार वरची जागा नको; बोटीच्या मध्याजवळची घ्या, तिथे डोलणं कमी जाणवतं.

सामानात फुलबाजी, मेणबत्ती, अगरबत्ती यांतलं काहीही ठेवू नका. पूजेचं निरांजनसुद्धा नाही. फटाके बोटीवर नेता येत नाहीत आणि मुंबईकराला याचं कारण सांगावं लागू नये. १४ एप्रिल १९४४ला याच बंदरातल्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाच्या जहाजावर कापसाच्या गाठींना आग लागली आणि त्याच जहाजात स्फोटकं होती. शेकडो माणसं गेली, त्यांत आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे जवानही होते. त्यांच्यासाठी अजूनही दरवर्षी त्या तारखेला अग्निशमन सेवा दिन पाळतात. लहान मुलांना आणखी एक गोष्ट आधीच समजावा: समुद्रात एखाद्या नावेवरून लाल बाण उडाला तर ती आतषबाजी नसून मदतीची हाक असू शकते. तसं काही दिसलं तर लगेच कर्मचाऱ्यांना सांगायचं. चढल्यावरचं सुरक्षेचं प्रात्यक्षिकही चुकवू नका, आणि आईला तिची जमायची जागा प्रत्यक्ष चालवत नेऊन दाखवा.

आता तब्येतीचं. आईने लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून कोकणच्या बोटीने प्रवास केलाय, त्यामुळे ‘मला बोट लागत नाही’ असं ती ठणकावून सांगते. तरीही आलेपाक आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी पिशवीत असू द्या. गोळी त्रास सुरू होण्याआधी घ्यायची असते. नेहमीची औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, कारण मोठी बॅग केबिनमध्ये पोचायला वेळ लागतो.

थंडी मुंबईची नसते, वाऱ्याची असते. बोट ताशी पंधरा सागरी मैलांनी चालली, तर ते झाले अठ्ठावीस किलोमीटर. रात्री स्कूटरवर मागे बसल्यासारखं लागतं. कानटोपी, मोजे आणि पुढून बंद होणारा स्वेटर घ्या. शाल उडते. चिवडाही उडतो. आम्ही यंदा खोबऱ्याच्या वड्या आणि झाकणाच्या बाटलीत चहा नेणार आहोत.

बाल्कनीचं दार जड असतं. केबिनचं दार आणि ते एकाच वेळी उघडलं, तर वाऱ्याच्या ओढीने धाडकन आपटतं. मुलांची बोटं सांभाळा. खाली उंबरा असतो, अंधारात तो दिसत नाही. मी त्यावर पांढरी चिकटपट्टी लावते आणि सकाळी काढून टाकते. खुर्चीवर घालायला एक उशी, पायाखाली घ्यायला दुसरी.

कठड्याच्या काचेवर खाऱ्या पाण्याचा थर बसतो. बसलेल्या माणसाचे डोळे नेमके त्या काचेच्या उंचीला येतात, त्यामुळे उभ्या माणसाला हे कळतच नाही. ओल्या फडक्याने आणि मग कोरड्याने आतून पुसून घ्या. बाहेरून पुसायला वाकू नका. फोनला गळ्यात अडकवायची दोरी लावा. इंजिनाच्या थरथरीमुळे फोटो हलतात, तेव्हा फोन कठड्यावर न टेकवता कोपर अंगाशी धरून काढा. आणि चार फोटो झाले की खिशात टाका.

पावणेबाराला आईला बाथरूमला नेऊन आणा. मग खुर्ची मांडून, केबिनचे आणि बाल्कनीचे दिवे घालवून पडदा ओढा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला दहा मिनिटं तरी लागतात. बाराच्या ठोक्याला मुंबई बंदरातल्या बोटी एकदम भोंगे वाजवतात. गिरगावात आमच्या घरी ते दुरून ऐकू यायचे आणि आई झोपेतून उठवून ऐकवायची. पण दोनशे मीटरहून जास्त लांबीच्या बोटीचा भोंगा दोन सागरी मैलांवर ऐकू यावा असा नियमच आहे, आणि तुम्ही त्याच बोटीवर असता. आईच्या कानाच्या मशिनचा आवाज आधीच कमी करायचा, बंद नाही करायचा. तिला ते ऐकायचेच आहेत.