घाईत पाऊल उचलता? मग या चुका टाळा

रागाच्या भरात राजीनामा टाइप केला, धाडून दिला आणि खुर्चीवरून उठायच्या आत पस्तावलो. त्यानंतर पहिली चूक केली ती ही, की 'पुढच्या वेळी शांतपणे विचार करायचा' असं मनाशी ठरवलं. असले ठराव डोकं थंड असताना होतात आणि पाळायची वेळ येते तेव्हा ते तापलेलं असतं. शांत असताना आपल्याला आपल्याच रागाचा अंदाज येत नाही. अर्थशास्त्र आणि मानसशास्त्राचे प्राध्यापक जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी याच तफावतीवर बरंच काम केलंय.

म्हणून संकल्पावर भिस्त ठेवू नका, वाटेत अडसर घाला. अवघड ईमेल लिहिताना पत्त्याची जागा रिकामी सोडायची, पत्ता सगळ्यात शेवटी टाकायचा. कॉम्प्युटरवर जीमेलच्या सेटिंगमध्ये पाठवलेलं परत घेण्याची मुदत ५ सेकंदांवरून ३० पर्यंत वाढवता येते. किरकोळ वाटतं, पण 'अरे, हे काय करून बसलो!' हे कळायला बहुधा तेवढाच वेळ लागतो. खरेदीची खोड असेल तर कार्डचा नंबर ॲपमध्ये साठवू नका. पाकीट आणायला उठावं लागलं की निम्मी हौस तिथेच फिटते.

दहा आकडे मोजायचे तर मोजा. पण मोजता मोजता मनात उत्तराला धार लावत बसलात, तर दहापर्यंत सुरी तयार! त्यापेक्षा जागेवरून उठा, तोंडावर पाणी मारा.

पुढची चूक ओळखायला अवघड. निर्णय केव्हाच झालेला असतो आणि 'विचार करतोय' म्हणत आपण त्याला फक्त कारणं गोळा करत असतो. सल्लासुद्धा हो म्हणणाऱ्यालाच विचारतो. हे करू नये असं एकही कारण सुचत नसेल, तर विचार अजून सुरूच झालेला नाही.

आणि निस्तरण्याची घाई! चुकीचा मेसेज गेला की लगेच खुलासा, मग माफी, मग माफीचा खुलासा. व्हॉट्सॲपवर मेसेज १५ मिनिटांपर्यंत सुधारता येतो, साधारण दोन दिवस सगळ्यांसाठी पुसताही येतो. समोरच्याने वाचलेलं मात्र पुसता येत नाही. एक रात्र जाऊ द्या आणि मग एकदाच, शक्यतो फोनवर, सरळ बोला.

मी त्याच संध्याकाळी लागोपाठ तीन ईमेल केले. पहिल्यावर साहेब कदाचित हसले असते. तिसऱ्यानंतर त्यांनी राजीनामा मंजूर असल्याचं एका ओळीत कळवलं.